मला सोडून कोणालाही सांगू नका

बँकेत माझ्या खुर्चीमागच्या भिंतीवर एक पोस्टर होतं. 'आपला ओटीपी कोणालाही सांगू नका. बँकेच्या कर्मचाऱ्यालाही नाही.' लाल, ठसठशीत अक्षरांत. त्या पोस्टरच्या बरोब्बर खाली बसून मी दिवसाला पंधरा-वीस जणांना विचारायचे, "आला का ओटीपी? वाचा बघू." ते वाचायचे, मी टाइप करायचे. पोस्टरकडे ते बघत नसत आणि माझी तर त्याच्याकडे पाठच.

या अंकाच्या संपादकबाई म्हणाल्या, गायकवाड मॅडम, बँकेतले गमतीचे अनुभव लिहा. गमती काय, ढिगाने आहेत. मी ठाण्याच्या शाखेत होते तेव्हा वर्तकनगरचे एक गृहस्थ कार्ड परत करायला आलेले. कारण काय, तर जावयाचं कार्ड काळं आणि यांचं निळं. "लिमिट-बिमिट काही वाढवू नका, फक्त रंग काळा करून द्या." मी म्हटलं, काळ्या कार्डाला मिळकतीचा दाखला लागतो. त्यावर त्यांनी माझ्यासमोर उभं राहून जावयाच्या नावाने जे काही ऐकवलं ते छापण्यासारखं नाही. पण लिहायला बसले की मला डोंबिवलीच्या शाखेतली एकच सकाळ आठवते. तेव्हा तीच लिहिते. गंमत शोधायची तर तुम्ही शोधा.

आधी आमचं काम सांगते. शेवटची सात वर्षं मी कार्डांच्या टेबलावर होते. क्रेडिट कार्डाचं अपग्रेड म्हणजे जुनं, लहान लिमिटचं कार्ड जाऊन मोठ्या लिमिटचं येणं. ज्यांना पगार नाही, त्यांना बँक एफडीवर कार्ड देते. तुमची एफडी आमच्याकडे अडकवून ठेवायची आणि जवळपास तेवढ्याच रकमेचं कार्ड घ्यायचं. बिल भरलं नाही तर बँक एफडीतून कापून घेते. बँकेचं काही जात नाही. म्हणून बँकेला हे कार्ड फार आवडतं, आणि मार्च महिना आला की आम्हालाही आवडायला लागतं, कारण टार्गेट.

आणखी एक. लोकांना वाटतं कार्ड शाखेतून चालतं. डोंबल! आम्ही नुसते फॉर्म भरून घेणारे. कार्ड बंद करायचं बटण शाखेत कोणाकडेच नव्हतं, मॅनेजरकडेही नाही. आम्हीसुद्धा तोच कस्टमर केअरचा नंबर फिरवायचो जो तुम्ही फिरवता, आणि तेच पिपाणीचं गाणं ऐकत बसायचो.

आता शिगवण काका. संगमेश्वरकडचे. एका छापखान्यात बाइंडर म्हणून आयुष्य गेलं. डोंबिवलीत भाड्याने राहायचे, रिटायर झाल्यावर दोन स्टेशनांवर दिव्याला स्वतःची खोली घेतली. दिव्याला काय बँका नाहीत? पण खातं आमच्याच शाखेत ठेवलं. "तुम्ही आहात ना तिथे," म्हणायचे. अशाने माणूस फुगतो की नाही सांगा. मी तर चांगलीच फुगायचे. कागदाला स्टेपलर मारलेला त्यांना चालत नसे. "भोक पडतं मॅडम, कागद मरतो." मग मी त्यांच्यापुरता खणात एक वेगळा क्लिपांचा डबा ठेवला होता.

दर मे महिन्यात गावाहून आले की माझ्यासाठी कोकमाच्या आगळाची बाटली आणायचे. एका वर्षी त्या बाटलीचं झाकण नीट बसलेलं नव्हतं. मी ती खणात आडवी ठेवली आणि दहा मिनिटांत सतरा भरलेले, सह्या झालेले फॉर्म लालभडक. आमचे मॅनेजर देसाई साहेब नेमके तेव्हाच आले. "हे काय मॅडम?" मी म्हटलं, "स्टॅम्पपॅडची शाई सांडली, सर." साहेबांनी एक फॉर्म नाकाजवळ नेला. "शाईला आंबट वास?" मी म्हटलं, "हल्ली कशी शाई पाठवतात बघा ना." शिगवण काका समोर उभे होते, तोंड दाबून. साहेब गेल्यावर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. ही गोष्ट आम्हा दोघांशिवाय कोणाला माहीत नव्हती. लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

म्हाताऱ्या गिऱ्हाइकांचं काम करायची आमच्या शाखेत एक पद्धत पडून गेलेली. कोणी पाडली सांगता येत नाही, पण मी तिच्यात पटाईत होते. गिऱ्हाईक काचेखालच्या फटीतून मोबाइल आत सरकवायचं. "मॅडम, तुम्हीच बघा काय ते." मेसेज इंग्रजीत, अक्षर मुंगीएवढं, मागे रांग. मग मी फोन घ्यायचे, काय दाबायचं ते दाबायचे, ओटीपी आला की टाकायचे, झालं काम. रांग सरकली, साहेब खूश, काका-काकू खूश. माझ्या काउंटरवर कोणी ताटकळलं नाही याचा मला केवढा अभिमान! आणि मी निष्काळजी नव्हते हं. प्रत्येकाला फोन परत देताना बजावून सांगायचे, "मला सोडून कोणालाही ओटीपी सांगायचा नाही." 

हे वाक्य मी किती हजार वेळा बोलले असेन कोण जाणे. त्यात काही चुकतंय असं मला एकदाही वाटलं नाही.

काकांच्या पत्नीचे, म्हणजे काकींचे, गुडघे गेले होते. एका गुडघ्याचं ऑपरेशन श्रावणात करायचं ठरलं. त्यासाठी काकांनी दोन लाखांची एफडी वेगळी ठेवली होती. मार्चमध्ये ती मोडायला म्हणून आले. मी म्हटलं, "मोडता कशाला? व्याज जाईल. तुमच्याकडे पंचवीस हजारांचं लहान कार्ड आहे ना, ते अपग्रेड करू. ही एफडी त्याला लावू. हॉस्पिटलात डिपॉझिट मागतील तेव्हा कार्ड पुढे करायचं, पैसे नंतर सावकाश." सल्ला काही खोटा नव्हता. पण त्या दिवशी माझ्या टार्गेटला दोन कार्डं कमी पडत होती, हेही तितकंच खरं आहे. काकांनी फॉर्मवर सही केली आणि मोबाइल फटीतून आत सरकवला. ओटीपी आला. मी टाकला. "मला सोडून कोणालाही..." "माहितेय मॅडम, माहितेय," काका हसत म्हणाले.

ती सकाळ जुलैतली. साडेअकरा वाजले असतील. शेजारच्या टेबलावर प्राची होती. नवीन मुलगी, बँकेत लागून वर्ष झालेलं, हाताने भलती चपळ. शाखेचा लँडलाइन तिच्याच टेबलावर असायचा. ती म्हणाली, "मॅडम, तुमचे शिगवण काका."

"बोला काका."

"मॅडम, मघाशी तुमचा फोन कट झाला. तो तिसरा नंबर आलाय. सांगू?"

"कुठला नंबर?"

"असं काय करता? ओटीपी! तुम्हीच म्हणालात ना अजून एक येईल. दोन दिले की तुम्हाला."

मी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हटलं, "काका, मी तुम्हाला फोन केलेला नाही."

पलीकडून अगदी बारीक आवाजात, "मग कोणी केला?"

तुकड्यातुकड्यांनी कळलं ते असं. एका बाईचा फोन आला. बँकेतून बोलतेय, तुमचं कार्ड अपग्रेड झालंय ना, त्याची वर्षाची फी माफ करायची आहे. काकांनीच विचारलं, "कोण, गायकवाड मॅडम का?" ती म्हणाली, "हो काका, मीच." नाव त्यांनीच तिच्या हातात दिलं! "आवाज जरा वेगळा वाटला मॅडम. म्हणून विचारलं, सर्दी झालीय का? तर म्हणाल्या, हो ना काका, दोन दिवस झाले. मी त्यांना आल्याचा काढा घ्यायला सांगितला हो." आणि मग कार्डाचा नंबर आणि दोन ओटीपी.

"काका, नीट ऐका. हा तिसरा कोणालाही सांगायचा नाही. कोणालाही म्हणजे कोणालाही. मलासुद्धा नाही!"

"मॅडम, मध्ये टूं टूं वाजतंय. त्यांचाच फोन येतोय."

"उचलू नका! फोन ठेवू नका! मी कार्ड बंद करायचं बघते."

तेवढ्यात त्यांच्या मागून काकींची हाक आली, "अहो, पाणी आलं, पाणी! लवकर या!"

दिव्यात राहणाऱ्याला मी काही सांगायला नको. काका म्हणाले, "मॅडम, तीन दिवसांनी आलंय. हिला बादली उचलवत नाही. दोन मिनिटांत लावतो."

"काका, पाणी जाऊ दे! काका!"

फोन बंद.

आमच्या लँडलाइनवरून मोबाइलला फोन लागत नसे. खर्च वाचवायला कधीकाळी कोणीतरी तसं लॉक करून ठेवलेलं. मी माझ्या मोबाइलवरून लावला. एंगेज. पुन्हा. एंगेज. याचा अर्थ एकच. ती बाई फोनवर होती आणि काका तिच्याशी बोलत होते. मी खुर्चीतून उठून उभी राहिले आणि नुसती उभीच राहिले. दोन लाखांची एफडी, तिच्यावरचं एक लाख ऐंशी हजारांचं कार्ड आणि श्रावणातलं ते ऑपरेशन. जुनं कार्ड असतं तर गेले असते फार तर पंचवीस हजार. मोठं मी करून दिलेलं.

"प्राची, तुझ्या मोबाइलवरून कस्टमर केअर लाव. आणि मार्चची फाइल काढ, शिगवण." प्राचीने फोन स्पीकरवर टाकला. मराठीसाठी तीन दाबा. कार्डासाठी दोन दाबा. कार्ड हरवल्यास एक दाबा. शेवटचे चार आकडे, जन्मतारीख, सगळं तिने फाइलीतून बघून दाबलं. मग ती यंत्रातली बाई गोड आवाजात म्हणाली, "आपण नोंदवलेल्या मोबाइलवरून बोलत नाही. नोंदवलेल्या मोबाइलवर सहा आकडी कोड पाठवला आहे. कृपया तो दाबा."

झालं! इथेच घोडं पेंड खाणार होतं. कोड गेला दिव्याला. तो काकांनी मला सांगायचा. आणि मी पाच मिनिटांपूर्वी त्यांना ओरडून सांगितलेलं, मलासुद्धा नाही.

मी लावत राहिले. सहाव्या वेळी लागला.

"कोण?" काकांचा आवाज. असा कोरडा मी कधी ऐकला नव्हता.

"काका, मी. गायकवाड."

"कुठल्या गायकवाड?"

"काका, मी हो! तिसरा नंबर सांगितलात का तिला?"

"बाई, हा नंबर माझ्याकडे नाही. आत्ताच मॅडमचा फोन आलेला. त्या म्हणाल्या, माझ्या नावाने दुसरी कोणीतरी फोन करेल, घाईघाईत ओटीपी मागेल, तिला सांगू नका, ती चोर आहे. मी त्यांनाही म्हटलं, पाणी भरून घेतो, मग बोलू."

पाणी भरून घेतो! त्या क्षणी मला दिव्याच्या त्या पाण्याची आरती करावीशी वाटली. म्हणजे तिसरा अजून दिला नव्हता. पण आता या माणसापुढे दोन गायकवाड मॅडम होत्या. दोघी म्हणत होत्या, मीच खरी. दोघींना त्यांच्याकडचा आकडा हवा होता. आणि खरं सांगू का, घाबरलेला, घाई करणारा, ओरडणारा आवाज माझाच होता. ती बाई शांत बोलत असणार.

प्राचीच्या फोनवर यंत्रातली बाई म्हणाली, "कृपया सहा आकडी कोड दाबा." दुसऱ्यांदा. तीनदा सांगून ती फोन तोडते.

मी डोळे मिटले आणि आवाज खाली आणला. "काका, मी काही मागत नाही. तुम्ही मला विचारा. असं काहीतरी विचारा जे फक्त तुम्हाला आणि मला ठाऊक आहे."

नळाचा आवाज येत होता. पिंपात पाणी पडत होतं. काकी काहीतरी बोलत होत्या.

"मी आणलेल्या बाटलीचं काय झालं होतं?" काकांनी विचारलं.

"आगळाची? खणात सांडली. सतरा फॉर्म खराब झाले."

"साहेबांना काय सांगितलंत?"

"शाई, काका! स्टॅम्पपॅडची शाई सांडली म्हणून सांगितलं!"

हे मी इतक्या जोरात ओरडले की रांगेतली माणसं माझ्याकडे बघायला लागली. मान वळवली तर मागे देसाई साहेब उभे. हातात चहाचा कप. त्यांनी कप टेबलावर ठेवला आणि प्राचीच्या मोबाइलचा आवाज मोठा केला.

"घ्या मॅडम," काका म्हणाले. "दोन मेसेज आहेत. कुठला?"

"आत्ता आलेला. सगळ्यात वरचा."

त्यांनी एकेक आकडा वाचला. मी एकेक मोठ्याने म्हटला. प्राचीने दाबला. सहावा दाबल्यावर पिपाणीचं गाणं सुरू झालं. ते किती वेळ वाजलं मला सांगता येणार नाही. मग यंत्रातली बाई त्याच गोड आवाजात म्हणाली, "आपले कार्ड बंद करण्यात आले आहे." प्राची खाली बसली आणि चक्क रडायला लागली, वेडी.

"बंद झालं काका."

"बरं झालं," काका म्हणाले. आणि पुढे, "पाणी गेलं मॅडम. अर्धंच पिंप भरलं."

कार्ड बंद झालं, पण त्याआधी दोन ओटीपी गेलेच होते. पहिल्याने चोरांनी कार्ड कुठल्यातरी ॲपला जोडलेलं, दुसऱ्याने एक्केचाळीस हजार काढलेले. तिसऱ्यात उरलेलं सगळं गेलं असतं. मी काकांना सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवायला लावली. दुसऱ्या दिवशी ते शाखेत आले. बँकेचा एक फॉर्म असतो, फसवणुकीचा. त्यात पाचवा की सहावा प्रश्न आहे, आपण आपला ओटीपी कोणाला सांगितला होता का? 'हो' लिहिलं की चूक गिऱ्हाइकाची, पैसे गेले. इतकं सरळ आहे ते.

काकांनी पेन उघडलं आणि मला विचारलं, "काय लिहू?"

मी फॉर्मवरचा तो प्रश्न पुन्हा वाचत बसले.

"लिहितो, हो सांगितला. गायकवाड मॅडमना, असं समजून." मग वर बघून म्हणाले, "मॅडम, राग मानू नका, पण तुम्हाला सांगायचा नाही, असं तुम्ही कधी सांगितलंच नव्हतंत."

त्यांच्या बोलण्यात आरोप नव्हता. आरोप असता तर मी भांडले असते. भांडण मला जमतं. माझ्या डोक्यावर ते पोस्टर होतं, आणि काका काचेपलीकडे खुर्चीत बसून ते वाचत होते. बहुतेक पहिल्यांदाच.

हिशोब आता असा होता. वाद मिटेपर्यंत कार्ड बंद, आणि कार्डाला लावलेली एफडीही अडकलेली. म्हणजे एक्केचाळीस हजारांचंच नाही, श्रावणातल्या ऑपरेशनचंही पाणी झालेलं. त्या दिवशी काकी बरोबर आल्या नव्हत्या. बरं झालं आल्या नाहीत. मला त्यांच्या काठीकडे बघवलं नसतं.

देसाई साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, "मॅडम, त्यांना लिहू दे, अनोळखी बाईला सांगितला म्हणून. आपण शाखेतर्फे मदतीची शिफारस करू. तुम्ही मध्ये पडू नका. पाच महिने राहिलेत तुमचे."

"शिफारशीने पैसे मिळतील, सर?"

साहेब खिडकीबाहेर बघायला लागले. "नाही मिळणार बहुतेक."

"मग?"

"मग काय? आपलेच दात, आपलेच ओठ. काउंटरवर ओटीपी घेतो हे आपण लेखी द्यायचं? उद्या इन्स्पेक्शन लागेल सगळ्या शाखेला. प्राचीला पण. मलापण."

मी बाहेर आले. खरं सांगते, त्या दिवशी मी काही लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आंबिवलीला घरी गेले की नवऱ्यावर खेकसायचे, भाजीत मीठ टाकायला विसरायचे. चौतीस वर्षांची नोकरी. आमच्या घराण्यात बँकेत लागलेली पहिली मी. वडील आमच्या विहारातल्या प्रत्येकाला सांगायचे, माझी मुलगी बँकेत ऑफिसर आहे, काही काम असेल तर बिनधास्त जा. माझ्या नावाची फाइल मला स्वच्छ हवी होती. सत्काराच्या दिवशी कोणी कुजबुजायला नको होतं. आता हे लिहिताना लाज वाटते, पण दोन दिवस मी एका म्हातारीच्या गुडघ्यापुढे माझी फाइल मोठी धरली.

तिसऱ्या दिवशी एक आजोबा आले. खिडकीच्या फटीतून मोबाइल आत सरकवला. "तुम्हीच बघा मॅडम." माझा हात पुढे गेला! इतकं होऊन गेलं तरी हात आपला पुढे गेलाच. मी तो फोन परत त्यांच्याकडे सरकवला, त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले आणि त्यांच्याच बोटाने सगळं करून घेतलं. सतरा मिनिटं लागली. मागच्या रांगेने मला शिव्या घातल्या. मग मी कोरा कागद घेतला.

लिहिलं की, सदर ग्राहकाचा ओटीपी मी स्वतः काउंटरवर किमान पाच वेळा विचारून घेतला आहे. बँकेच्या कर्मचाऱ्याला ओटीपी सांगणं योग्य असतं, अशी त्यांची समजूत माझ्या वागण्यामुळे झाली. 'मला सोडून कोणालाही सांगू नका' असं मी त्यांना प्रत्येक वेळी सांगत असे. खाली सही केली. प्राचीचं नाव घातलं नाही, शाखेचंही नाही. मी, मी आणि मीच. कागद साहेबांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी वाचला, चष्मा काढला, पुसला. "शाई का म्हणालात हो तेव्हा?" त्यांनी विचारलं. "मला आगळ फार आवडतं." आणि कागदावर 'वरिष्ठांकडे अग्रेषित' असं लिहून शिक्का मारला.

जवळजवळ तीन महिने गेले. मला चौकशीला ठाण्याला बोलावलं, दोन तास बसवलं, एकच प्रश्न सहा तऱ्हांनी विचारला. शेवटी ताकीदपत्र मिळालं. चौतीस वर्षांच्या फाइलीत ते एकच. सत्कार झाला, पण भाषणं आटोपशीर झाली आणि सगळ्यांना सामोसे खायची घाई होती. शाखेत आता काचेखालची ती फट बुजवून टाकलीय. काकांचे एक्केचाळीस हजार परत जमा झाले, एफडी सुटली. काकींचं ऑपरेशन श्रावणाऐवजी दिवाळीनंतर झालं. मधले चार महिने त्यांनी काठीवर काढले, त्याचा हिशोब कुठल्याही फॉर्मात नाही.

पैसे जमा झाले त्या दिवशी मी काकांना फोन केला. मी हरखून गेलेले. "काका!" म्हटलं. पलीकडून हॅलो नाही, काही नाही. काका म्हणाले, "साहेबांना काय सांगितलंत?"

मला क्षणभर कळेना. मग कळलं. "शाई," मी म्हटलं.

"हां. बोला मॅडम, कशा आहात?" आणि मग नेहमीसारखे बोलायला लागले. 

तेव्हापासून दर वेळी असंच. वाढदिवसाला फोन केला तरी आधी प्रश्न, मग शुभेच्छा. काका ते हसत करतात आणि मीही हसत उत्तर देते. पण पूर्वी त्यांना माझा नुसता आवाज पुरायचा. तो विश्वास माझ्याच हाताने गेला, याचं मला फार वाईट वाटतं, आणि वाटत राहणार.

आता हा लेख. लिहून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की, अगं बाई, हे छापून आलं की शाईची गोष्ट जगाला कळणार! म्हणून अंकाला द्यायच्या आधी काकांना फोन लावला. प्रश्न झाला, उत्तर झालं. मग म्हटलं, "काका, मी हे सगळं लिहितेय. आपल्याला नवीन प्रश्न ठरवायला लागेल."

काका म्हणाले, "असलं फोनवर ठरवत नाहीत, मॅडम. घरी या."

गेल्या रविवारी मी दिव्याला गेलेले. तिसरा मजला, लिफ्ट नाही. दार वाजवायच्या आधीच आतून पावलं ऐकू आली. दार काकींनी उघडलं. हातात काठी नव्हती. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं, मागे वळून म्हणाल्या, "अहो, त्याच आहेत हो, खऱ्या," आणि मला आत घेतलं. आगळाचं सरबत झालं. नवीन प्रश्न ठरला, त्याचं उत्तरही ठरलं, आणि ते मी माझ्या नवऱ्यालासुद्धा सांगितलेलं नाही.